कमी पिळाला उडतं, जास्त पिळाला आपटतं: सांगलीतल्या एका रबरी विमानाचं प्रकरण

रबराला 100 पीळ दिले की विमान 9 सेकंद उडायचं. 200 दिले की 19 सेकंद. 240 दिले की 11. 280 दिले की 3 सेकंदांत जमिनीवर. 320 पिळांना तर हातातून सुटलं आणि सरळ मातीत घुसलं, पंख्याचं टोक तुटलं. वहीत हे आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा मी चष्मा काढून पुसला. जास्त चावी भरल्यावर खेळणं कमी चालतं, असं मी तरी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

विमान माझं नव्हतं. आमच्या विश्रामबागेतल्या शेजारच्या नववीतल्या मुलीचं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सगळे ज्वालामुखी आणि पवनचक्क्या घेऊन जातात, हिला उडणारं काहीतरी न्यायचं होतं. वयानं मी तिचा आजोबा शोभेन, पण तिचे वडील मला काका म्हणतात म्हणून तीही काकाच म्हणते. माझी सगळी नोकरी फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेली. ओतकामासाठी लाकडाचे साचे करायचे, तेही सागवानात, मिलिमीटरच्या हिशेबानं. लाकूड कळतं या जोरावर मी तिला हो म्हणालो. पुढं जे झालं त्यात निम्मा दोष त्या जोराचाच आहे.

विमान कसं होतं

साधं दांडीचं विमान. पंख टोकापासून टोकापर्यंत 42 सेंटिमीटर, रुंदी 75 मिलिमीटर. 3 मिलिमीटर जाडीच्या बाल्साच्या कड्या, मधे पातळ फासळ्या, वरून टिश्यू कागद. दांडी 34 सेंटिमीटर लांब. पुढच्या टोकाला 15 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा पंखा, मागच्या टोकाला शेपूट, आणि शेपटीच्या थोडं अलीकडं दांडीच्या खालच्या अंगाला तारेचा आकडा. पंख्याच्या दांड्यापासून या आकड्यापर्यंत रबराचा एक वेढा, दोन पदरी; त्याला दिलेला पीळ सुटताना पंखा फिरवतो. पंख्यापासून आकड्यापर्यंतचं अंतर 24 सेंटिमीटर. रबर धरून सगळ्याचं वजन 11 ग्रॅम. ओळखीच्या सराफाकडच्या काट्यावर करून आणलेलं वजन आहे, अंदाज नव्हे. त्यानं आधी विचारलं, "सोनं कुठंय?"

बाल्सा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बाजारात येणारा बराचसा इक्वेडोरमधला. आम्ही पुण्याहून कुरियरनं मागवला. वनस्पतिशास्त्रवाले या लाकडाला कठीण लाकडांच्या वर्गात घालतात आणि आपण ते नखानं खरवडू शकतो, हा विनोद मला अजून पुरला आहे. पण खरी गंमत वजनाची. एकाच पाकिटात आलेल्या, 3 मिलिमीटर जाड, 75 रुंद आणि 915 लांब अशा दोन पट्ट्या मी काट्यावर ठेवल्या. एक भरली 19 ग्रॅम, दुसरी 33. दिसायला जुळ्या बहिणी. सागवानात असा फरक कधी बघितला नव्हता.

दांडीसाठी मी 19 ग्रॅमवाली पट्टी निवडली. विमान म्हणजे हलकं पाहिजे, एवढंच डोक्यात. 3 बाय 6 मिलिमीटरची दांडी कापली, भरली अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर. पोरीला अभिमानानं दाखवलीही.

तीन आठवडे भलत्याच दिशेनं

डिसेंबरात पहाटे आम्ही कवलापूरच्या जुन्या विमानतळाच्या माळावर जायचो. जिथं आता विमानं उतरत नाहीत तिथं आपलं 11 ग्रॅमचं उडवायचं, याची पोरीला भारी मजा वाटायची. सकाळी साडेसहा ते आठ वारा पडलेला असतो. नऊनंतर जमीन तापायला लागली की हवा उसळते आणि कुठल्याच चाचणीवर भरवसा राहत नाही.

पहिली चाचणी पीळ न देता, नुसतं तरंगवून. दोन बोटांवर पंख तोलून विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या काठापासून एक तृतीयांशावर आहे हे बघितलं होतं. छातीच्या उंचीवरून, नाक किंचित खाली धरून सोडलं की सहा-सात मीटर छान तरंगत जायचं. 100 पिळाला छान, 200 पिळाला अजून छान. मग वर सांगितलेलं सुरू झालं.

मी म्हटलं, नाक जड असणार. पंख रबरबँडनं बांधलेला, सरकवता येतो. 5 मिलिमीटर पुढं घेतला. आता नुसतं तरंगवलं तरी विमान लाटा खायला लागलं: वर, थांब, खाली, वर, थांब, खाली. 280 पिळाला मात्र तसंच नाकावर. तोल बदलल्यावर बाकी सगळं बदललं आणि मूळ दुखणं जागचं हललं नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. पंख परत मागं.

मग पिळलेला पंख सापडला. माळावर बघितलं तर डाव्या पंखाची मागची कड टोकाशी दोन मिलिमीटर वर उचललेली. घरी येऊन दुपारी बघतो तर सरळ! दोन दिवस हा लपंडाव चालला. नदीकाठचं धुकं आणि गवतावरचं दव यांनी टिश्यू सैल पडायचा आणि पंख आपल्या मूळ वळणावर जायचा. दुपारच्या कोरड्या हवेत कागद ताणला की परत सरळ. किटलीच्या वाफेवर धरून पंख उलट्या बाजूला जरासा पिळला, पाटावर टाचण्यांनी रात्रभर जखडला, पातळ लॅकरचा एक हात दिला. हा दोष खरा होता आणि तो गेला. विमान डावीकडं कलायचं थांबलं. आता ते न कलता, अगदी नीट, सरळ नाकावर आपटायला लागलं.

तिसरा सल्ला माझ्या एका मित्राचा. कॉलेजात तो एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता, तिथं विमानांच्या प्रतिकृती करायला शिकवतात. तो फोनवरच म्हणाला, "अरे, हा पंख्याचा उलटा पीळ. नाक उजवीकडं वळव." त्याचं म्हणणं पुस्तकी खरं आहे. मागून बघितलं तर पंखा घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून बाकीचं विमान उलट, म्हणजे डावीकडं लोळायला बघतं. पीळ सुटण्याच्या पहिल्या काही सेकंदांत रबराचा जोर सगळ्यात जास्त असतो, तेव्हा हे लोळणंही जास्त. उपाय म्हणून पंख्याचा अक्ष एक-दोन अंश उजवीकडं वळवतात. आम्ही पोस्टकार्डाचा तुकडा घालून वळवला. विमान आधी नाकावर आपटायचं, आता उजव्या पंखावर आपटायला लागलं.

चौथा उपाय पोरीचा, आणि गंमत म्हणजे तो चालला. तिनं शेपटीच्या मागच्या कडेखाली एक मिलिमीटरची चकती घातली. मागची कड वर, म्हणजे शेपूट खाली दाबली जाणार आणि नाक वर येणार. 280 पिळाला विमान 14 सेकंद उडालं. आम्ही दोघं माळावर ओरडलो. पण पीळ संपल्यावर ते हवेतच नाक वर करून थांबलं, पडलं, परत थांबलं, आणि असं पायऱ्या उतरत खाली आलं. जोरात असताना एक शेपूट लागते आणि तरंगताना दुसरी, असा त्याचा अर्थ होता. तो अर्थ आमच्या पुढ्यात पडला होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

धनुकली

इथं पीळ कसा भरतात ते सांगायला हवं, कारण दोष त्यातच लपला होता. पोर विमानाचं नाक आणि पंखा घट्ट धरते. मी रबराचं मागचं टोक आकड्यातून काढून हँड ड्रिलच्या आकड्यात घालतो, आणि मागं चालत जाऊन रबर त्याच्या लांबीच्या चौपट ताणतो. ड्रिलची मूठ एकदा फिरवली की आकडा चार फेरे फिरतो, म्हणजे 280 पिळांना सत्तर वेळा फिरवायचं. निम्मे पीळ ताणलेल्या रबरात भरायचे, उरलेले हळूहळू पुढं येत येत. रबराला आधी एरंडेलाचं बोट लावलेलं असतं, नाहीतर पदर एकमेकांवर घासून तुटतात. शेवटी ते टोक ड्रिलमधून काढून परत विमानाच्या आकड्यात, आणि लगेच सोडायचं. पिळलेलं रबर नुसतं धरून ठेवलं तर त्याचा जोर उतरत जातो, म्हणून इथं घाई असते.

म्हणजे पीळ भरताना दांडीवर काडीचाही ताण नाही. ताण येतो तो टोक आकड्यात अडकवल्यावर. तेव्हा मी विमानाच्या मागं, पोर विमानाच्या पुढं, दोघंही त्याच्या रेषेत. बाजूनं बघणारं कुणी नाहीच.

त्या रविवारी तिचा तिसरीतला भाऊ हट्ट करून आला. दगडावर बसून भडंग खात होता. मी टोक अडकवलं आणि तो तोंडातल्या घासासकट म्हणाला, "वाकलंय की हे."

"काय वाकलंय?"

"काठी. धनुकलीसारखी झालीया."

मी बाजूला जाऊन उभा राहिलो. खरोखरच धनुकली. दांडी मधे वर फुगलेली, दोन्ही टोकं खाली ओढलेली, आणि रबर म्हणजे धनुष्याची दोरी. पोर म्हणाली, "काका, शेपूट बघा कुठं बघायलीया." शेपटीची मागची कड खाली लोंबत होती. त्या दिवशी विमान उडवलं नाही. मी घरी येईपर्यंत कुणाशी बोललोही नाही.

दुपारी माझ्या कामाच्या बाकावर दांडीच्या दोन आकड्यांच्या वर दोरा ताणून बांधला आणि फुगवटा मोजला. 100 पिळाला अर्धा मिलिमीटर. 200 ला एक. रबरावर गाठींची दुसरी रांग धरायला लागली तशी ओढ झपकन वाढली. 280 ला अडीच आणि 350 ला साडेतीन मिलिमीटर.

अडीच मिलिमीटर म्हणजे किती? ऐकायला काहीच नाही. पण अशा कमानीच्या टोकाला किती उतार येतो ते काढायला फुगवटा चारनं गुणायचा आणि लांबीनं भागायचा. 10 भागिले 240, म्हणजे सुमारे 0.042 चा उतार, कोनात सुमारे 2.4 अंश. आता आमचा पंख दांडीवर कसा बसवला होता? पुढच्या काठाखाली 3 मिलिमीटरची फळी, रुंदी 75, म्हणजे सुमारे 2.3 अंश वर. शेपूट दांडीला समांतर, शून्य अंश. पंख आणि शेपूट यांच्यातल्या या एवढ्याशा फरकावर विमानाचं सगळं सावरणं चालतं. नाक खाली गेलं की हाच फरक ते परत वर आणतो. आल्फाँस पेनो नावाच्या फ्रेंच तरुणानं 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत पिळलेल्या रबरावर 11 सेकंद विमान उडवून दाखवलं, त्याच्या 16 ग्रॅमच्या विमानाची खुबी हीच होती: शेपूट पंखापेक्षा खालच्या कोनात. आमचं विमान 280 पिळाला तो फरक स्वतःच पुसून टाकत होतं.

आणि तेवढ्यावर थांबत नव्हतं. दांडीचं पुढचं टोकही वाकलं होतं, म्हणजे पंख्याचा अक्ष तितकाच खाली रोखलेला. पंख कमानीच्या पुढच्या चढावर बसलेला, म्हणून त्याचाही पुढचा काठ अंशभर खाली. शेपूट उलटी, पंख्याचं तोंड खाली, पंख चपटा. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ढकलणाऱ्या. मग नाकावर आपटणार नाही तर काय करणार? पीळ उतरत गेला की दांडी आपोआप सरळ, आणि विमान परत गुणी. म्हणून तरंगवताना दोष दिसत नव्हता, 200 पिळाला दिसत नव्हता, आणि आपटल्यावर उचलून बघितलं तर अजिबातच दिसत नव्हता.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. पॅटर्न शॉपमध्ये आमची मोजपट्टीच मुळी वाढीव मापाची असायची. ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. बाकावर वस्तू कशी दिसते याला तिथं किंमत नाही. भट्टीतून जाऊन आल्यावर ती कशी असेल ते धरून काम करायचं. पस्तीस वर्षं हे केलेल्या माणसानं विमान मात्र बाकावर, रबर सैल ठेवून तपासलं.

मिरजेचा एखादा तंतुवाद्य कारागीर त्या माळावर असता तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्यांत भोपळ्यांचे फोटो बघून मी कौतुक केलं होतं. पण त्या वाद्यातही दांडी आहे, तिच्या एका अंगाला ताणलेल्या तारा आहेत, आणि तारा चढवल्यावर दांडी वाकली तर सगळं मुसळ केरात. दुखणं तेच, फक्त वाद्याला उडायचं नसतं.

दुसरी दांडी

उपाय तीन सुचत होते. एक, दांडीच्या वरून छोट्या खुंटीवर दोरा ताणून उलट्या बाजूनं आधार द्यायचा. हलका उपाय, पण गुंतागुंतीचा, आणि प्रदर्शनात मुलं हात लावणारच. दोन, दांडी ताठ करायची. तीन, ओढच कमी करायची. दुसरा आणि तिसरा दोन्ही केले.

दांडीची उंची 6 वरून 9 मिलिमीटर केली. जाडी तीच. उंचीचा परिणाम घनात होतो: दीडचा घन म्हणजे जवळजवळ 3.4 पट ताठरपणा. त्यात लाकूड 33 ग्रॅमच्या पट्टीतलं. जड बाल्सा हलक्यापेक्षा ताठही असतो, वाकवून बघितलं तर दुपटीचा फरक हाताला जाणवत होता. म्हणजे सगळं मिळून सहा-सातपट. वजन वाढलं किती? 0.9 ग्रॅम. ज्या एका ग्रॅमसाठी मी कॉलर ताठ केली होती तोच ग्रॅम.

रबराचा वेढा 24 सेंटिमीटरऐवजी 32 चा केला. लांब वेढा त्याच पिळांना कमी ओढतो आणि जास्त पीळही घेतो. पण आता तो दोन आकड्यांमधे सैल लोंबणार, आणि शेवटी शेवटी त्याचा गोळा मागं जाऊन बसला तर विमानाचा तोल जाणार. म्हणून थोडा पीळ देऊन पदर वेणीसारखे गुंफून घेतात, म्हणजे सैलपणा आवरतो. ही वेणी मला तीन वेळा चुकली. पोरीनं माझ्या हातातून रबर काढून घेतलं आणि एका मिनिटात घातली.

बाकावर परत दोरा बांधून मोजलं. 350 पिळाला फुगवटा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.

आधीची सगळी औषधं उतरवली: शेपटीखालची चकती, पोस्टकार्डाचा तुकडा, सगळं. माळावर 60 पिळापासून नव्याने सुरुवात. 200 पर्यंत ठीक. 280 ला विमान या वेळी उलटं वागलं: नाक वर करून चढलं, लटकलं आणि डावीकडं पडलं. पोरीचा चेहरा उतरला, मी मात्र खूष. हे दुखणं ओळखीचं होतं, ज्याच्यावर मित्राचा सल्ला लागू पडतो. वाकणारी दांडी पंख्याचं तोंड गुपचूप खाली करत होती. ती ताठ झाल्यावर तेवढं खाली आम्हालाच करून द्यावं लागणार होतं. कार्डाच्या पट्ट्या घालून पंख्याचा अक्ष सुमारे दोन अंश खाली आणि दीड अंश उजवीकडं केला. पट्टी घालायची, सोडायचं, वहीत लिहायचं, एका वेळी एकच बदल. मित्राला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं, फक्त तीन आठवडे लवकर होतं. शेपटीला हात लावायचा नाही असं ठरवलं, कारण तरंगणं आधीच चांगलं होतं; जोरातला दोष नाकाशी सुधारायचा आणि तरंगण्यातला शेपटीशी. हे दोन गल्ले आम्ही आधी एकत्र केले म्हणून हिशेब लागत नव्हता.

प्रदर्शनात विमानाला बक्षीस मिळालं नाही. हॉलमध्ये उडवायला परवानगीच नव्हती. पोरीनं टेबलावर जुनी दांडी रबर पिळून ठेवली होती आणि शेजारी नवी. परीक्षकांनी विचारलं, ही वाकडी कशाला आणली? तिनं पीळ सोडून दाखवला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही परत माळावर गेलो, भावासकट. वहीतली त्या दिवसाची शेवटची नोंद तिच्या अक्षरात आहे: "380 पीळ. 41 सेकंद. डावीकडं मोठा गोल. बाभळीवर. काठी आणायची."